सोन्नलिगेचे सिद्धराम : तळं, वचन आणि अल्लमप्रभूंचा प्रश्न

व्याख्यानमालेच्या आजच्या सत्रात आपण सोलापूरच्या श्री सिद्धरामेश्वरांविषयी बोलणार आहोत. सोलापूरकर श्रोत्यांना हे नाव नवीन नाही. मुंबईला जाणारी गाडी सिद्धेश्वर एक्सप्रेस, शेतमाल जातो ती सिद्धेश्वर बाजार समिती, ऊस जातो तो सिद्धेश्वर साखर कारखाना. शहरात निम्म्या दुकानांच्या पाटीवर 'सिद्धेश्वर प्रसन्न' लिहिलेलं असतं. पण हे सिद्धराम नेमके कोण होते, असं विचारलं की तीन वेगवेगळी उत्तरं येतात. जत्रेला जाणारा भाविक म्हणतो, ते प्रत्यक्ष शिवाचे अवतार. शाळेतला शिक्षक म्हणतो, ते कर्मयोगी, त्यांनी लोकांसाठी तळं खोदलं. आणि कन्नड वाचणारा माणूस म्हणतो, ते बसवण्णांच्या काळातले थोर वचनकार. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. पण ती तीन वेगळ्या खोल्यांत ठेवल्यासारखी आपण ठेवली आहेत. आज त्या खोल्यांच्या मधली दारं उघडून बघायचा प्रयत्न करू.

त्यासाठी एक प्रश्न हाताशी धरू. हा प्रश्न बाराव्या शतकातच, याच तळ्याच्या काठावर विचारला गेला, अशी परंपरा आहे : लोकांसाठी पाणी अडवणं, देवळं बांधणं ही भक्ती आहे का? की तो माणसाच्या 'मी केलं' या भावनेला मिळालेला आणखी एक दगडी आधार आहे?

काळ आणि गाव

आधी गाव बघू. आजचं सोलापूर जुन्या कोरीव लेखांत सोन्नलगे, सोन्नलिगे, सोनलपूर, संदलपूर अशा वेगवेगळ्या रूपांत भेटतं. 'सोळा गावांचं मिळून सोलापूर' ही व्युत्पत्ती आपण लहानपणापासून ऐकतो. पण लेखांतली ही रूपं पाहिली की ती नंतर जुळवलेली आहे हे लक्षात येतं. बाराव्या शतकात हे गाव कल्याणच्या चालुक्यांच्या राज्यात होतं. कल्याण म्हणजे मुंबईजवळचं नव्हे, तर बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. सोलापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर.

चालुक्यांची सत्ता ढिली होत गेली आणि त्यांच्याच एका मांडलिकाने, कलचुरी बिज्जळाने, गादी घेतली. या कलचुरींचं मूळ ठाणं होतं मंगळवेढं. तेच मंगळवेढं, जे आज ज्वारीचं कोठार आणि संत दामाजींचं गाव म्हणून ओळखलं जातं. बसवण्णांची बिज्जळाच्या दरबारातली नोकरी मंगळवेढ्यापासून सुरू झाली आणि मग ते कल्याणला गेले, असं परंपरा सांगते. म्हणजे बघा, ज्या चळवळीला आपण सहज 'कर्नाटकातली' म्हणून बाजूला ठेवतो, तिच्या पायवाटा सोलापूर जिल्ह्यातूनच जातात. त्या काळी या भागात राज्यकारभाराची, दानलेखांची आणि भक्तीची मोठी भाषा कन्नड होती. ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून शंभराहून अधिक वर्षं होती.

जमीन कशी होती? आजच्यासारखीच. पर्जन्यछायेचा भाग, खाली काळा कातळ, वर काळी माती. भीमा आणि सीना या नद्या गावापासून दूर. पाऊस चांगला झाला तर ज्वारीचं सोनं, आणि नाही झाला तर माणसं गाव सोडणार. पाण्याचा हा प्रश्न पुढच्या काळातही सुटला नाही. इंग्रजांनी १८७१ साली हिप्परग्याजवळ एकरूख तलाव पुरा केला, १९८० साली भीमेवर उजनी धरण झालं, आणि तरी सोलापूरकराला नळाच्या पाण्याचा वार पाठ असावा लागतो. सिद्धरामांचं तळं या सगळ्या साखळीतली फार जुनी कडी आहे. हे ध्यानात ठेवूनच त्यांच्या चरित्राकडे जाऊ.

कथा काय सांगते

कथा थोडक्यात अशी. सोन्नलिगेत मुद्दुगौडा आणि सुग्गलादेवी हे शेतकरी दांपत्य. रेवणसिद्धांनी भाकीत केलं की तुमच्या पोटी सिद्धपुरुष जन्माला येईल. मुलगा झाला, पण तो बोलेना, हसेना, खेळेना. गावाने वेडसर ठरवलं आणि गुरं राखायला पाठवलं. रानात एक जंगम भेटला. नाव विचारलं तर म्हणाला, मल्लय्या. गाव विचारलं तर म्हणाला, श्रीशैल. त्याने खायला मागितलं. आपल्याकडे ही गोष्ट हुरड्याची म्हणून सांगतात. हुरडा खाऊन पोटात आग पडली, आता थंड दहीभात आण, असं तो म्हणाला. पोरगं घरी धावलं, आईकडून दहीभात घेऊन परत आलं, तर रानात कोणी नाही.

मुलगा 'मल्लय्या, मल्लय्या' म्हणून रडत सुटला. श्रीशैलला निघालेले यात्रेकरू भेटले. ते म्हणाले, चल, तुला मल्लय्या दाखवतो. तिथे नेऊन त्यांनी गाभाऱ्यातलं लिंग दाखवलं. मुलगा म्हणाला, हा माझा मल्लय्या नव्हे, माझा मल्लय्या बोलतो, जेवतो. शोधत शोधत तो कड्याच्या टोकाशी गेला, आता उडी टाकणार एवढ्यात मल्लिकार्जुनाने त्याला वरच्या वर धरलं. आणि सांगितलं : सोन्नलिगेला परत जा, तिथे दुसरं श्रीशैल उभं कर.

या कथेतलं एक वळण नीट बघा. मुलाला देव भेटला. आता तो श्रीशैललाच राहिला असता तर कथा तिथेच संपली असती. पण देव त्याला परत गावी पाठवतो, कामाला लावतो. सिद्धराम परत आले, त्यांनी मंदिर बांधलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अष्टभैरव आणि अष्टविनायक बसवले, आणि तळं खोदायला घेतलं. अडुसष्ट हा आकडा शिवाच्या अडुसष्ट तीर्थांचा. ज्याला काशी-श्रीशैल परवडणार नाही, त्याने गावाभोवती एक फेरी घालावी, त्याची यात्रा झाली. गरिबासाठी केलेली ही मोठी सोय होती. आणि त्याच वेळी एका खेडेगावाला सीमा, आकार आणि स्वतःचं महत्त्व देणारी योजनाही होती.

अशी चरित्रं वाचायची कशी?

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने या कथेचं काय करायचं? दोन सोपे मार्ग असतात. सगळं अक्षरशः खरं मानायचं, किंवा सगळं भाकडकथा म्हणून सोडून द्यायचं. दोन्हींमध्ये फारसे कष्ट नाहीत. तिसरा मार्ग म्हणजे चरित्र कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं हे विचारणं.

हा प्रश्न फक्त आपल्यापुढेच आहे असं नाही. एक लांबचं उदाहरण घेऊ. ब्रिटन बेटाच्या पश्चिमेला वेल्स नावाचा देश आहे. तिथला राष्ट्रीय संत म्हणजे डेवी, इंग्रजीत सेंट डेव्हिड. सहाव्या शतकातला मठवासी साधू. परंपरा त्याचा मृत्यू ५८९ साली मानते. पण त्याचं सविस्तर लॅटिन चरित्र लिहिलं गेलं अकराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे पाचशे वर्षांनी. लिहिणारा ऱ्हिगिवार्ख हा डेवीच्याच पीठाच्या बिशपाचा मुलगा. त्या वेळी नॉर्मन सत्ता वेल्समध्ये शिरत होती आणि इंग्लंडमधलं कँटरबरीचं धर्मपीठ वेल्सवर हक्क सांगत होतं. अशा वेळी 'आमचा संत कोणापेक्षा कमी नव्हता' हे सांगायची गरज होती. म्हणून त्या चरित्रात डेवी बोलायला उभा राहिला की पायाखालची जमीनच टेकडीसारखी वर उचलली जाते आणि सगळ्या सभेला तो दिसतो. तो चमत्कार आपल्याला अकराव्या शतकातली गरज सांगतो. पण त्याच चरित्रात आणखी एक तपशील आहे : त्याच्या मठात बैल नसत, साधू स्वतःच्या खांद्यावर जू घेऊन नांगर ओढत. तिथल्या लोकांनी आपला संत कशासाठी लक्षात ठेवला, ते या तपशिलातून कळतं. चमत्कार आणि कष्ट, दोन्ही एकाच पोथीत असतात. वाचणाऱ्याने ते वेगळे करून वाचायचे असतात.

सिद्धरामांच्या बाबतीत आपण जास्त सुदैवी आहोत. त्यांचं पहिलं मोठं चरित्र, 'सिद्धराम चरित्रे', लिहिलं कन्नड महाकवी राघवांकाने. हा हंपीच्या हरिहर कवीचा भाचा आणि शिष्य, षट्पदी या छंदाला मोठं करणारा कवी. त्याचा काळ तेराव्या शतकाचा पूर्वार्ध मानतात. म्हणजे सिद्धरामांनंतर फार तर दोन-तीन पिढ्या. ज्यांच्या आजोबांनी सिद्धरामांना पाहिलं असेल अशी माणसं तेव्हा हयात असणार. राघवांकाचा सगळा भर सोन्नलिगेवर आहे. मल्लय्याची ओढ, गावाची उभारणी, देऊळ, तळं. त्याचे सिद्धराम बांधणारे आहेत.

दुसरा मोठा ग्रंथ म्हणजे 'शून्यसंपादने'. हा पंधराव्या शतकात, विजयनगरच्या प्रौढ देवरायाच्या काळात पहिल्यांदा सिद्ध झाला आणि पुढे त्याच्या आणखी आवृत्त्या झाल्या. यात शरणांची वचनं संवादाच्या रूपात गुंफली आहेत आणि त्याचा केंद्रबिंदू आहे कल्याण आणि अल्लमप्रभू. त्यातले सिद्धराम आधी चुकलेले आणि मग कल्याणला जाऊन पूर्ण झालेले आहेत. एकच माणूस, पण एका ग्रंथात सोन्नलिगे हे गंतव्य आहे, दुसऱ्यात ते प्रवासातलं एक ठाणं आहे. या दोन ग्रंथांच्या मध्ये उभं राहिलं की आपला प्रश्न धारदार होतो.

तळ्याच्या काठावरचा वाद

शून्यसंपादनेतला प्रसंग असा. तळ्याचं काम जोरात सुरू आहे. माती काढणारी, दगड फोडणारी माणसं राबताहेत. अल्लमप्रभू येतात आणि मजुरांना विचारतात, तुमचा तो वड्ड कुठे आहे? वड्ड म्हणजे दगड-माती खणणारा, आपल्याकडे ज्यांना वडार म्हणतात तो. आपल्या गुरूला असं म्हटलेलं ऐकून मजूर खवळतात आणि दगड मारतात. कथा म्हणते, एकही दगड लागला नाही, त्यांचा ढीगच झाला. मग सिद्धराम स्वतः येतात, रागाने पेटलेले. त्यांचा तिसरा डोळा उघडतो, आग निघते, आणि ती अल्लमांच्या पायाशी विझते.

चमत्काराचा भाग बाजूला ठेवून वाद काय आहे ते आपल्या शब्दांत मांडू. अल्लमांचं म्हणणं साधारण असं : तू दगड रचतोस आणि त्याला भक्ती म्हणतोस. बाहेर तळं भरेल, आत काय भरलं? तुझ्या कामावर बोट ठेवलं तर तुला एवढा राग का येतो? राग आला म्हणजे ते काम तुझं झालं, देवाचं राहिलं नाही. देवळात स्थापलेलं लिंग एका जागी खिळलेलं आहे, आणि ते स्थापणारा तूही त्याच जागी खिळला आहेस.

हा हल्ला साधा नाही. कोणत्याही काळातल्या समाजसेवकाला, संस्थाचालकाला, शाळा काढणाऱ्याला झोंबावा असा आहे. काम चांगलं आहे याबद्दल अल्लम वाद घालत नाहीत. काम करणाऱ्याचं त्या कामाशी नातं काय, एवढंच ते विचारतात. आपल्याकडे आजही पाण्याची टाकी बांधली की टाकीपेक्षा उद्घाटनाची फरशी आधी बसते. त्या फरशीकडे बघून अल्लमांचा प्रश्न आठवावा.

सिद्धरामांची बाजूही तितकीच वजनदार आहे. गावाला पाणी नसेल तर आतल्या प्रकाशाची गोष्ट कोणाला सांगायची? ज्या मल्लय्याने कड्यावरून वाचवलं, त्यानेच हे काम सांगितलं आहे. आणि शून्यसंपादनेतले सिद्धराम लगेच शरण जात नाहीत, हे विशेष. कल्याणला पोचल्यावरही ते वाद घालतात. गळ्यात इष्टलिंग बांधायची गरजच काय, आतला शिव पुरेसा नाही का, असं विचारतात. अखेर चन्नबसवण्णांकडून ते इष्टलिंग दीक्षा घेतात. पुढे अल्लमप्रभू, चन्नबसवण्णा आणि त्यांच्यानंतर सिद्धराम अशी शून्यपीठाची परंपरा विरक्त मठांत सांगितली जाते. ज्याला 'वड्ड' म्हणून हिणवलं, त्यालाच अखेर त्या पीठावर बसवलं. म्हणजे कल्याणने सिद्धरामांना बदललं तसं सिद्धरामांनाही कल्याणने नाकारलं नाही. 'कायक', म्हणजे आपल्या श्रमालाच पूजा मानणं, हा बसवण्णांच्या चळवळीचा कणा. त्या चळवळीत तळं खोदणाऱ्याला जागा नसती तर नवल झालं असतं.

११६०च्या दशकाच्या अखेरीस कल्याणमध्ये उलथापालथ झाली. जातीबाहेरच्या विवाहाच्या निमित्ताने शरणांवर राजाचा रोष ओढवला, बिज्जळाचा खून झाला, शरण पांगले. सिद्धराम सोन्नलिगेला परत आले आणि तळ्यातल्या त्याच जागी त्यांनी समाधी घेतली, अशी श्रद्धा आहे. आयुष्यात दुसऱ्यांदा ते एका मोठ्या तीर्थाहून आपल्या गावाकडे वळले.

'वड्ड' या शब्दाची पुढची गोष्ट

या वादाचा एक धागा आजपर्यंत येतो. कर्नाटकात भोवी समाज, म्हणजे वड्डर, दगड फोडणारे, विहिरी-तळी खोदणारे लोक, सिद्धरामेश्वरांना आपला गुरू मानतात. चित्रदुर्गला त्यांचं गुरुपीठ आहे. कर्नाटकात शासनातर्फे सिद्धरामेश्वर जयंती साजरी होते, तेव्हा या समाजाचा उत्साह सर्वांत पुढे असतो. ज्या शब्दाने अल्लमांनी टोचलं, तोच शब्द त्यांनी मानाने घेतला. आपला संत आपलं काम करत होता, हा अभिमान. दख्खनमधली तळी, बांध, किल्ल्यांचे खंदक ज्यांच्या हातांनी झाले, त्यांची नावं लेखांत येत नाहीत. लेखांत येतो तो दान देणारा राजा. सिद्धरामांच्या कथेत मात्र मजूर बोलतात, चिडतात, आपल्या माणसासाठी दगड उचलतात. साहित्याच्या इतिहासात ही जागा दुर्मिळ आहे.

वचनं

आता तिसऱ्या खोलीकडे येऊ. सिद्धरामांची हजाराहून अधिक वचनं आज उपलब्ध आहेत. शिवाय त्रिपदी छंदात रचलेल्या त्रिविधीही आहेत. प्रत्येक वचनाच्या शेवटी त्यांची मुद्रा येते : 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन'. म्हणजे ज्या मल्लय्याला रानात हुरडा दिला, त्याचं नाव ते प्रत्येक वेळी हाक मारल्यासारखं घेतात.

या वचनांत बांधकामाविषयीची उलघाल दिसते. केलेल्या कामाचं ओझं, 'मी' कसा सुटत नाही याची तक्रार, आणि तरी लोकांविषयीची कणव. अल्लमांच्या प्रश्नाने हा माणूस आतून हलला होता, असं ती वाचताना जाणवतं. एका प्रसिद्ध वचनात स्त्रीला माया किंवा राक्षसी म्हणणाऱ्यांना ते सरळ उत्तर देतात आणि स्त्रीला प्रत्यक्ष आपल्या मल्लिकार्जुनाच्या जागी ठेवतात. बाराव्या शतकात, संन्यासी परंपरेच्या आतून, हे म्हणणं धाडसाचं होतं.

ही वचनं आपल्यापर्यंत आली कशी? मठांतल्या ताडपत्रांवर ती पडून होती. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी गावोगाव फिरून ती गोळा केली, १९२३ साली 'वचनशास्त्रसार' काढलं, पुढे 'शिवानुभव' नियतकालिक चालवलं, आणि या छपाईसाठी घरदार खर्ची घातलं. विजापूर सोलापूरहून साधारण शंभर किलोमीटर. पुढे कर्नाटक सरकारने समग्र वचनांचे पंधरा खंड काढले, त्यांचे प्रधान संपादक होते डॉ. एम. एम. कलबुर्गी. आणि निवडक वचनांचा मराठीसह अनेक भारतीय भाषांत अनुवादही झाला आहे. पुस्तकं आहेत. प्रश्न ती उघडण्याचा आहे.

जत्रेत काय जपलं गेलं

सोलापूरने आपल्या संताला जपलं ते जत्रेतून. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा. साधारण १२ जानेवारीला नंदीध्वज निघतात आणि अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. १३ला, भोगीच्या दिवशी, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. १४ला होम मैदानावर होमविधी, मग शोभेचं दारूकाम, आणि शेवटी नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याचा कप्पडकळीचा विधी. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, उंच काठ्या तोलत चालणारी पोरं आणि 'हर्र बोला हर्र'चा गजर.

इतिहासाच्या नजरेने या जत्रेत दोन गोष्टी मोलाच्या आहेत. पहिली : अडुसष्ट लिंगांची फेरी म्हणजे दरवर्षी पायांनी काढलेला जुन्या सोन्नलिगेचा नकाशा. रस्ते बदलले, गिरण्या आल्या आणि गेल्या, पण मिरवणुकीची वाट सांगते की गाव कुठवर होतं. बहमनी काळात तळ्याला लागूनच भुईकोट किल्ला उभा राहिला. त्याच्या आत जुन्या मंदिराचे अवशेष आहेत. राज्यं बदलली तरी फेरी चालू राहिली.

दुसरी : मान. हिरेहब्बू घराण्याकडे मुख्य मान, पण सात नंदीध्वजांपैकी काहींचे मान माळी, विश्वब्राह्मण, मातंग अशा समाजांकडे आहेत. लग्नविधीत कुंभारांचा मान आहे. गाव बांधताना जे जे हात लागले त्यांची ही जणू हजेरीपट्टी आहे.

त्या लग्नाची कथा मात्र थांबून बघावी लागेल. रोज अंगण झाडून सडा-रांगोळी करणाऱ्या कुंभारकन्येने सिद्धरामांशी लग्नाची इच्छा धरली. ते म्हणाले, माझं लग्न शिवाशी झालं आहे. तुझा हट्टच असेल तर माझ्या योगदंडाशी लग्न कर. तिने केलं, आणि दुसऱ्या दिवशी अग्नीत प्रवेश केला. होमाच्या दिवशी बाजरीच्या पेंढीला साडी-चोळी नेसवून तिचं प्रतीक अग्नीला दिलं जातं. भाविक या कथेकडे परमभक्ती म्हणून बघतात आणि त्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण ज्या संताने स्त्रीला मल्लिकार्जुन म्हटलं, त्याच्या नावाने सांगितली जाणारी ही गोष्ट त्याच्या वचनाशेजारी ठेवून वाचली पाहिजे. लोककथा आणि वचन यांत अंतर पडलं तर आधी वचनाचं ऐकावं, कारण ते त्यांच्या स्वतःच्या मुद्रेने आलं आहे. म्हणून विधी बंद करा असं कोणी म्हणत नाही. कुंभारकन्येला हळद-अक्षता वाहताना ते वचनही एकदा मोठ्याने म्हटलं, तर जत्रेला काही कमीपणा येणार नाही.

काय राहिलं, काय निसटलं

आता सुरुवातीच्या तीन उत्तरांकडे परत येऊ. सोलापूरने सिद्धरामांचा विधी जपला, आणि फार श्रद्धेने जपला. त्यांचं तळं टिकवलं, निदान त्याची जागा टिकवली. शब्द मात्र निसटले. गावाची बोलण्याची भाषा हळूहळू मराठीकडे वळली, पुढे गिरण्या-मागांबरोबर तेलुगू आली, उर्दू-दखनी होतीच. कन्नड घरात राहिली, शाळेतून आणि चौकातून मागे सरली. परिणाम असा की लाखो माणसं ज्यांच्या अक्षतेला जमतात, त्यांचं एकही वचन यातल्या बहुतेकांना पाठ नसतं. आळंदी-देहूच्या वाटेवरच्या माणसाला ज्ञानोबा-तुकोबांच्या चार ओळी येतात. सोलापूरच्या माणसाला आपल्या ग्रामदैवताच्या येत नाहीत, आणि हे ग्रामदैवत तर कवी होतं.

याचं नुकसान फक्त साहित्याचं नाही. शब्द गेले की प्रश्नही जातो. वचनांशिवाय तळं म्हणजे नुसती पवित्र जागा होते. तिथे दिवे सोडायचे, फोटो काढायचे, निर्माल्य टाकायचं. तळ्यात शेवाळ माजलं, मासे मेले की बातमी येते आणि जुनी होते. अल्लमांचा प्रश्न शाबूत असता तर आपण विचारलं असतं : बांधणाऱ्याने 'मी' सोडला का, हे ठीक, पण वारसदारांनी काम सोडलं, त्याचं काय? अल्लमांनी कामातला अहंकार टाकायला सांगितलं होतं. आपण काम टाकलं आणि अभिमान तेवढा ठेवला.

भाषेच्या सीमेवरून मराठी आणि कन्नड माणूस गेली कित्येक दशकं भांडतो आहे. त्या भांडणात सिद्धराम कोणाचे हा प्रश्न फार छोटा आहे. ते कन्नडमध्ये लिहीत, आज त्यांना मराठीत नवस बोलतात, आंध्रातल्या श्रीशैलाचा देव त्यांच्या प्रत्येक वचनाच्या शेवटी उभा असतो. हा माणूस एकट्या कोणाचा करायचा तर त्याचा बराचसा भाग कापून टाकावा लागेल.

म्हणून व्याख्यान संपवताना आमचं साधं म्हणणं एवढंच. येत्या संक्रांतीला जत्रेला जाल तेव्हा दोन गोष्टी करा. जाण्याआधी सिद्धरामांची दहा वचनं मराठी अनुवादात वाचा. घरात कन्नड वाचणारी आजी किंवा काका असतील तर मूळ त्यांच्याकडून ऐका. आणि देवळातून बाहेर पडताना पाण्याकडे पाच मिनिटं बघा. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी दुष्काळी मुलखात ते कोणीतरी हातांनी खणलं, त्यावरून दोन मोठी माणसं कडाडून भांडली, आणि दोघांनाही पुढच्या लोकांनी एकाच पीठावर बसवलं. सोलापूरला मिळालेला वारसा हा आहे, आणि त्यातलं तळं पुन्हा उपसायला आलं आहे.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ आहे. इथे थांबतो.